डाव्या हाताचे दहा गुण

जगात आजवर जे जे मोठं घडलं, ते शाईनं घडलं. तह झाले, सिंहासनं हलली, प्रेमपत्रं गेली, फारकती आल्या. सगळ्याच्या मुळाशी एक निब आणि दोन थेंब शाई. तिच्या बाबतीत मात्र शाईनं एवढंच घडवलं होतं, की रोज संध्याकाळी तिचा डावा हात करंगळीपासून मनगटापर्यंत निळा होई आणि वहिनी दारातच म्हणे, "वन्सं, आज बरीच माणसं जन्मली वाटतं!"

कारण ती जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात कारकून होती. दाखले हातानं लिहायची, तेही डाव्या. ओळ पुढे सरके तसा हात ओल्या अक्षरांवरून फिरे. कार्यालयात तिला 'डावरी' म्हणत आणि तीही त्या नावाला बिनतक्रार ओ देई.

एका जुन्या, नावाजलेल्या कारखान्यानं फाउंटन पेनांची नवी मालिका काढली होती. ती पारखायला 'खरोखर लिहिणारी' तीन माणसं हवी होती. आता अशी माणसं उरलीत कुठे? शोधत शोधत पत्र तिच्यापर्यंत आलं. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

कारखान्यात पोचल्यावर ती आधी बेसिनपाशी गेली. तिथं लांब बाह्यांचा निळा एप्रन घातलेला एक तरुण एकाच हातानं तोच हात धुवायचा प्रयत्न करत होता. उजवा हात एप्रनच्या खिशात. साबणाची वडी तिसऱ्यांदा निसटून तिच्या चपलेपाशी आली.

"दुसरा हात काय राखीव ठेवलाय?" तिनं वडी उचलत विचारलं.

"तो... जरा विश्रांती घेतोय."

"पगारी?"

"मालकीणबाईंना कळेपर्यंत पगारी."

ती हसली. "द्या इकडे." आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत तिनं त्याच्या हाताला साबण लावायला घेतला. त्याच्या बोटांच्या रेघांत राखाडी, बारीक पूड बसली होती. ती काही लवकर निघेना. खरं तर निघाली होती... पण दोघांपैकी कुणीच तसं बोललं नाही.

"तुम्ही डावऱ्या?" तिच्या करंगळीकडे बघत त्यानं विचारलं.

"हो. का, चालत नाही?"

"चालतं की! मला तर पंधरा दिवस तेवढंच चालतंय."

तिला अर्थ लागला नाही. वरच्या मजल्यावर काचेमागे चष्मा लावलेलं कुणीतरी उभं होतं, तेही तिला दिसलं नाही.

वर लांबलचक टेबल होतं. तिच्या एका बाजूला निवृत्त मुख्याध्यापक, दुसऱ्या बाजूला वकीलबाई. प्रत्येकापुढे चार पेनं, एक ते चार आकडे चिकटवलेली. टेबलाच्या टोकाला मालकीणबाई. वय सत्तरीच्या आसपास, आवाज पेपरवेटसारखा.

"प्रत्येक पेनानं एकेक पान लिहा. दहापैकी गुण द्या. एकमेकांशी बोलायचं नाही. सरासरी सात आली तर पेनं बाजारात जातील. नाही आली तर आमचं निबखातं बंद. सोमवारपासून निबा बाहेरून तयार येतील." मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "या सगळ्या निबांची टोकं घासून गुळगुळीत केली ती यानं. मुद्दाम बोलावलंय. नंतर 'मला कुणी सांगितलं नाही' असं नको."

भिंतीपाशी तोच उभा होता. उजवा हात खिशात. तो तिच्याकडे मुळीच बघत नव्हता, आणि इतक्या नेटानं न बघणारा माणूस खोलीत सगळ्यात आधी दिसतो.

तिनं पहिलं पेन उचललं. डावऱ्या माणसाला निब ओढता येत नाही, ढकलावी लागते. म्हणून आजवरचं प्रत्येक पेन तिच्याशी भांडलं होतं. तिनं सवयीनं दात आवळले, निब कागदाला टेकवली आणि –

ती सरकली. नुसती सरकली नाही, तिच्या मनात यायच्या आधी वळली. तिनं एक ओळ लिहिली, दुसरी लिहिली, पान भरलं, आणि गरज नसताना उलटून मागच्या बाजूलाही लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या हाताच्या कलानं वागत होतं. तिनं वर पाहिलं. आता तो बघत होता. तिनं मान खाली घातली... पण कान तापायचे ते तापलेच.

शेजारून आवाज येत होता, खर्र... खर्र... मग टर्र.

मालकीणबाईंनी गुणांचे कागद गोळा केले.

"सर. दोन, दोन, एक, दोन. एक का?"

"त्यानं 'सप्रेम'ला भोक पाडलं," मुख्याध्यापक म्हणाले.

"वकीलबाई. तीन, दोन, तीन, दोन."

"या पेनानं मी फारकतीचे कागदसुद्धा लिहायची नाही. आवाज ऐकून नवरा-बायको घाबरून पुन्हा एक होतील."

कुणी हसलं नाही. मालकीणबाईंनी तिसरा कागद उचलला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"दहा. दहा. नऊ. दहा."

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"नऊ का?"

"तिसरं हाताला जरा जड आहे," ती म्हणाली.

"असं." मालकीणबाईंनी कागद खाली ठेवला. "सकाळी मी काचेतून बेसिनकडे बघत होते. एका हाताला इतका साबण मी आयुष्यात पाहिला नव्हता. तेव्हा वाटलं, चला, स्वच्छ मुलगी आहे. आता वाटतंय, सौदा चालला होता."

"नाही हो –"

"तुमच्या साहेबांना मी कळवू शकते. दाखले लिहिणारी बाई खोटे गुण देते, तर तिच्या तारखांवर विश्वास कसा ठेवायचा? नोकरी जाईल तुमची. नाहीतर हा कागद घ्या आणि गुण बदला. मी काही पाहिलं नाही, तुम्ही काही लिहिलं नाही."

कागद सरकत तिच्यापुढे आला. दहाचा दोन करायला कितीसा वेळ लागतो? निबखातं तर असंही बुडालंच होतं. तिचे दहा गुण ते काही तारणार नव्हते. भिंतीपाशी तो अगदी हळूच मान हलवत होता – बदला... बदलून टाका.

तिनं कागद परत मालकीणबाईंकडे सरकवला.

"लोक माझ्यापुढे रडतात, मुलाचं वय दोन महिन्यांनी वाढवा म्हणून. मी नाही वाढवत. मग हे तरी कसं बदलू? मला पेन छान लागलं. लागलं ते लागलं."

"मग तुमच्या साहेबांना –"

"मालकीणबाई!" भिंतीकडून आवाज आला. "त्या खरं बोलतायत."

त्यानं उजवा हात खिशातून काढला आणि बाही वर सरकवली. बोटांच्या पेरांपासून कोपरापर्यंत पांढरंशुभ्र प्लास्टर.

"पंधरा दिवसांपूर्वी सायकलवरून पडलो. सांगितलं असतं तर तुम्ही निबा तेव्हाच बाहेर दिल्या असत्या. म्हणून डाव्या हातानं घासल्या. आणि प्रत्येक निब लिहून बघितली तीही... डाव्याच हातानं. मला गुळगुळीत लागली. मला वाटलं, सगळ्यांना लागेल."

"म्हणजे माझी अख्खी मालिका डावऱ्यांसाठी?"

"चुकून," तो म्हणाला.

मुख्याध्यापकांनी पेन उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं. तीस वर्षं त्यांनी डावऱ्या मुलांना उजवं केलं होतं. एकानंही येऊन आभार मानले नव्हते. जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून त्यांनी एक 'अ' काढला. तसा बालवाडीतल्या मुलानंही खोडून टाकला असता. पण आवाज आला नाही. कागद फाटला नाही.

"सरकतंय हो," ते अगदी हळू म्हणाले, आणि कुणी न सांगता शेजारी 'आ' काढायला लागले.

मालकीणबाईंनी तो 'आ' पुरा होऊ दिला, मग त्या भिंतीकडे वळल्या.

"प्लास्टर कधी निघतंय?"

"तीन आठवड्यांनी."

"लबाडी केलीस तू. तीन आठवडे घरी बस. मग ये आणि उजव्या हातानं घास. परीक्षा पुन्हा होईल, तोवर निबखातं चालू." मग त्या तिच्याकडे वळल्या. "ही चार पेनं तुम्ही घेऊन जा. दुसरं कुणी त्यांना दहा देणार नाही. साहेबांना काही कळवत नाही. पण पुढच्या वेळी परीक्षक म्हणून तुम्ही नकोत."

"का?"

"मला काचेतून दिसतं," मालकीणबाई म्हणाल्या.

जिन्यात तो तिच्या दोन पायऱ्या खाली उभा राहिला. त्यामुळे डोळे बरोबर समोरासमोर आले.

"मी मान हलवत होतो, दिसलं नाही का? गुण बदलले असते तर सुटला असता."

"तुम्ही गप्प बसला असता तर तुमची लबाडी तरी लपली असती."

"बसवेना ना..." त्यानं घसा साफ केला. "पुढच्या वेळी तुम्ही परीक्षक नाही. म्हणजे आता काही विचारलं, तर तो सौदा होणार नाही?"

"काय विचारायचंय त्यावर आहे."

"लग्नाचं. म्हणजे एकदम नाही! आधी ओळख, मग घरचे, मग... सावकाश. पण शेवटी तेच."

तिनं पेनांच्या खोक्यातून एक नंबरचं पेन काढलं, उघडलं आणि त्याचं प्लास्टर धरून कठड्यावर टेकवलं.

"हलू नका."

प्लास्टर म्हणजे नुसता खडबडीत दगड. दुसरी कुठलीही निब तिथं मोडून पडली असती. ही सरकत गेली, वळत गेली... तो श्वास रोखून तिच्या वाकलेल्या मानेकडे बघत राहिला. मग त्यानं हात उलटा करून वाचलं.

'अर्ज मंजूर. रविवारी घरी या. वहिनी चहा देईल, त्रासही देईल.' आणि खाली, सवयीनं, तारीख, वेळ, सही.

त्यानं ते पुन्हा वाचलं. डोळे भरून आले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. ती वाट बघत उभी होती, पेन हवेत, निळी करंगळी गालाला टेकलेली.

"एक सांगू?" तो म्हणाला.

"सांगा ना..."

"तेवढं टोपण लावा. निब वाळेल."