राखेतली प्लेट

तो पहिल्यांदा आला तेव्हा कारखान्याच्या गेटवर उभा होता. मुंडण केलेलं डोकं, हातात रुमालाची पुरचुंडी. मी चहाला निघाले होते, तर वॉचमनने त्याला माझ्याच गळ्यात घातलं.

"मॅडम, हे इथलंच होय का?"

त्याने रुमाल उघडला. आत मांडीच्या हाडाला बसवतात ती आठ भोकांची प्लेट होती, जळून निळीकाळी झालेली, पण आमच्या कंपनीचं नाव अजून वाचता येत होतं.

"मायची राख सावडतानी सापडली," तो म्हणाला. "नदीत टाकू नाई वाटलं. भंगारात तं... नाईच."

आमच्या कारखान्यात दोन शेड. एकात वेल्डिंगच्या मशीन बनतात, तिथे बाबांनी तेवीस वर्षं काम केलं आणि डोळे घालवले. दुसऱ्यात मोडक्या हाडांच्या प्लेटा बनतात, त्या मी तपासते. भिंगाखाली नंबर पाहिला, रजिस्टर उघडलं. त्या नंबरापुढे माझीच सही होती. घर माझ्या पगारावर चालतं. तक्रार निघाली तर संपलंच.

"ही मीच पास केली होती. काही... बिघडलं होतं का?"

"नाई. तीन वर्षं चालली माय. शेवटच्या दिवसापर्यंत संत्र्याच्या बागेत फिरली." तो माझ्याकडे बघतच राहिला. "म्हंजे तुमी चालवलं तिले."

माझ्या कामाबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं. चहा राहिलाच. प्लेट मी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून घेतली.

मग तो, धर्मेंद्र, काटोलहून येतच राहिला. मार्केटला संत्री आणली, म्हणायचा.

"मे महिन्यात कोणती संत्री निघतात हो?"

"एवढं तपासता काहून?"

"तपासायचाच पगार आहे मला."

तो हसला की मान खाली घालायचा... आणि मला तो आवडायला लागला होता.

आई गेल्याच्या अकराव्या महिन्यात आला तेव्हा हसला नाही.

"मामानं पोरगी पाहून ठेवली. मायच्या वर्षाच्या आत लग्न उरका, म्हणून राहिला. नाई तं तीन वर्षं थांबा लागते. मले ती नाई पाहिजे, मुग्धा. तुमी येता का काटोलले?"

हो अगदी ओठावर आलं होतं. पण बाबांच्या हातात पाण्याचा पेलाही द्यावा लागतो, आणि माझ्या भावाचा, ऋषीचा, डिप्लोमा नुकताच सुरू झालेला.

"ऋषी कमावता होईपर्यंत मला नाही निघता येणार," मी म्हणाले. "तुम्ही... मामांचं ऐका."

तो निघून गेला. त्या दुपारी एकच प्लेट मी चार-चारदा तपासत होते.

महिन्याभराने पुन्हा गेटवर. डोकं पुन्हा मुंडलेलं. मी न विचारता ड्रॉवरमधून प्लेट काढून आणली.

"न्यायला आलात ना?"

"काल वर्ष झालं मायचं."

"आणि लग्न?"

"मामा बोलत नाई आता माह्याशी." त्याने प्लेट घेऊन परत माझ्याच तळहातावर ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटवली. "डिप्लोमा किती वर्षांचा असते?"

"तीन."

"माय याच्यावर तीन वर्षं चालली," तो म्हणाला. "मी भी चालीन."

बाबांचं काय होईल, ऋषीला नोकरी लागेल की नाही, काहीच ठाऊक नव्हतं. रडू आवरत मी एवढंच म्हणाले —

"मे महिन्यातही येत जा. संत्री नसली तरी."