चाळिसांतला एक चेहरा

चौकट एक. १९७९. निगडी.

"म्या न्हाई कापलं, बाई!"

सोजराबाईंनी टेबलावर नोटीस आपटली. रूपगंधा साबणाच्या कारखान्यात अकरा वर्षं त्या वड्या गुंडाळत होत्या. प्रदर्शनातलं चित्र का कापलं, याचा शनिवारी खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी.

खासगी गुप्तहेर अरुंधती पाटणकरांनी नोटीस वाचली. त्यांचे सहायक हरिहर यांच्यासमोर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. त्यात त्या चित्राचा फोटो. रूपगंधाची चाळीस वेष्टनं, ओळीनं. प्रत्येकावर नटीऐवजी सोजराबाई. एका जागी चेहऱ्याऐवजी भोक.

"चित्र काढनाऱ्या उद्धवनं मला इचारलं पन न्हाई. वर म्हनतो, मावशी, तू आता बाजाराचं प्रतीक. म्या वरडले, माझं त्वांड काढ, न्हाईतर मी काढते!"

"मग संपलंच की," हरिहर पुटपुटले.

अरुंधतींनी त्यांच्या वर्तमानपत्रावर साबणाचं वेष्टन ठेवलं आणि सोजराबाईंना ब्लेड दिलं. "यातली नटी कापा."

नटी निघाली. खालचं पानही चिरलं.

"अहो, माझा पेपर!"

चौकट दोन. चिंचवड, प्रदर्शनाचं सभागृह.

चित्राच्या चारही कडा पुठ्ठ्याला खळीनं चिकटलेल्या. कुठेच उचकटलेल्या नव्हत्या. भोकातून पुठ्ठा दिसत होता, कोरा, गुळगुळीत. बाहेर रांग होती. भोक बघायला.

चौकट तीन. कारखान्याचे व्यवस्थापक मारुतराव.

"आमच्या मालाची थट्टा! मी तर जाळलंच असतं. पण धमकी त्या बाईनं दिली होती." बोलता बोलता त्यांनी टपालाचं पाकीट सुरीनं उघडलं. आतल्या पत्राचेही दोन तुकडे झाले. मारुतरावांनी पत्रालाच शिवी हासडली.

चौकट चार. कारखान्याचा छपाई विभाग.

चित्रकार उद्धव इथेच नोकरीला. वेष्टनाच्या छपाईसाठी तो पातळ फिल्म कापत होता. सुरी फिरली, वरची फिल्म अलगद सुटली, खालचा कागद अखंड.

"कलेवर हल्ला झाला, ताई. पण आता मुंबईहून प्रदर्शनाचं बोलावणं आलंय!"

चौकट पाच. शनिवार. सभागृह. दार बंद, सगळे हजर.

"चित्र पुठ्ठ्यावरून निघालेलं नाही," अरुंधती म्हणाल्या. "म्हणजे चेहरा जागच्या जागी कापला. तरी पुठ्ठ्यावर ओरखडा नाही. सोजराबाईंच्या ब्लेडनं पेपर चिरला. मारुतरावांच्या सुरीनं पत्र. वरचा थर कापून खालचा राखणारा हात इथे एकच आहे. रोज आठ तास तेच करणारा."

हरिहर गोंधळले. "पण पुठ्ठा राखायची गरजच काय होती?"

"काहीच नव्हती. सवयीनं राखला. हो ना, उद्धव?"

"माझं चित्र आहे! मी कापीन!"

"काप की. तिच्या नावावर का कापलंस?"

"भोक नव्हतं तेव्हा सतरा माणसं आली होती! सतरा!" उद्धव किंचाळला.

अरुंधतींचा आवाज चढला. "कंपनीनं नटीचा चेहरा साबण खपवायला लावला, म्हणून तू चिडलास. मग स्वतःला खपवायला हिचा लावलास. फरक सांग मला!"



मारुतरावांनी नोटीस फाडली. "बाई, सोमवारी या कामावर."

"येते की. पन आधी हे." सोजराबाईंनी दाराची कडी काढली. बाहेरची रांग आत डोकावली. त्या उद्धवकडे वळल्या.

"एकोणचाळीस ऱ्हायलेत. ह्या लोकांदेखत काप. आन् परत्येक येळी माझं नाव घे, मोठ्यानं. सोजराबाई म्हन."