साडेपाच तास पुढचं घड्याळ

हृतिकचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका लॅपटॉपच्या पंख्यातली धूळ काढत बसलो होतो. माझं दुकान पनवेलला टपाल नाक्याजवळ आहे. कॉम्प्युटर दुरुस्ती, प्रिंटरची शाई, असलंच सगळं. हृतिक माझा शाळेतला मित्र, आता कॅनडात असतो. तिकडे तेव्हा रात्र होती, पण त्याच्या आवाजात झोप नव्हती.

"रूपेश, घरी जाऊन येशील का रे? बाबांचा कॅमेरा बंद पडलाय. तीन दिवस झाले, मला खोलीच दिसत नाहीये."

त्याचं घर विचुंब्याला. त्याचे वडील, काशिराम काका, उरणच्या बंदरात क्रेन चालवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथे नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला, आणि वर्षभरात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, त्याबरोबर वाचाही गेली. त्याची आई, वसुंधरा काकी, एकट्याच त्यांचं सगळं करायच्या. म्हणून मागच्या वेळी आला तेव्हा हृतिकने आतल्या खोलीत कॉम्प्युटर ठेवून पलंगावर रोखलेला एक कॅमेरा लावून दिला होता. खोलीत काही हाललं की रेकॉर्डिंग व्हायचं आणि ते त्याला तिकडून बघता यायचं.

हा मुलगा हौशी. एकाच कॉम्प्युटरवर त्याने तीन ऑपरेटिंग सिस्टिम टाकल्या होत्या. आईसाठी विंडोज, कॅमेऱ्यासाठी लिनक्स, आणि तिसरी आपल्या प्रयोगांसाठी. चालू केल्यावर एक यादी यायची, त्यातून कुठली हवी ती निवडायची. काही निवडलं नाही तर लिनक्स सुरू व्हायची. विंडोजचं नवं अपडेट आलं आणि ती यादीच गायब झाली. आता मशीन थेट विंडोजमध्ये जायचं आणि कॅमेरा आंधळा. हे दुखणं नेहमीचं आहे. समोर बसून पेनड्राइव्हवरून यादी परत बसवायची, की झालं. अर्ध्या तासाचं काम म्हणून मी जेवण उरकून निघालो.

गाढी नदीचा पूल ओलांडला तेव्हा ऊन असं होतं की हेल्मेटच्या आत डोकं उकडत होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मला या उन्हाची सारखी आठवण करून घ्यावी लागली.

काकींनी दार उघडलं. अंगावर हिरवी सुती साडी, डोळ्यांखाली काळं.

"ये रे. हृतिक काय जीव टाकतोय त्या कॅमेऱ्यासाठी."

आतली खोली लहान होती. दशमूळाच्या तेलाचा, जंतुनाशकाचा, आणि बरेच दिवस एकाच जागी पडून असलेल्या माणसाचा वास. पंखा फिरताना मध्येच कुरकुरायचा. काका डोळे मिटून पडले होते. मी "काका, रूपेश आलाय" म्हटलं. त्यांच्या पापण्या हलल्या, पण उघडल्या नाहीत. त्यांचा श्वास मला जरा खरखरीत वाटला. पण आजारी माणसाच्या खोलीत आपल्याला असं काही ना काही वाटतच राहतं.

मी कामाला लागलो. काकी खुर्चीमागे उभ्या राहून बघत होत्या.

"एका डब्यात तीन-तीन? भांडत नाहीत का रे?"

"नाही काकी. प्रत्येकीला जागा वाटून दिलेली असते. एक जागी असली की बाकीच्या झोपलेल्या. एकीला दुसरीचा पत्ता नसतो."

"बरंय बाई त्यांचं," त्या म्हणाल्या आणि पाणी आणायला गेल्या.

यादी आली. काळ्या पडद्यावर तीन नावं. मी लिनक्स निवडली. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ मात्र संध्याकाळचे सव्वासात दाखवत होतं. मी हसलो. काकींना दाखवलं. हेही नेहमीचंच. विंडोज मशीनच्या आतल्या घड्याळात आपली वेळ लिहून ठेवते, आणि लिनक्सला वाटतं ती ग्रीनिचची जागतिक वेळ आहे, म्हणून ती त्यात आपले साडेपाच तास मिळवते. इंटरनेट जोडलं की आपोआप सुधारतं. मी अजून जोडलं नव्हतं.

"म्हणजे हिची संध्याकाळ झाली," काकी म्हणाल्या.

"झाली. आपले अजून पावणेदोनच आहेत."

आता रेकॉर्डिंग नीट होतंय का ते बघायचं होतं. मी फोल्डर उघडलं. सगळ्यात वर एक नवी फाइल दिसली, वेळ सात वाजून काही मिनिटं. म्हणजे आत्ताचीच, काकी पाणी घेऊन आल्या तेव्हाची. मी ती उघडली.

पडद्यावर अंधार होता.

नीट पाहिलं तेव्हा कळलं की पूर्ण अंधार नाही. दिवेलागणीची वेळ, खिडकीतून येणारा राखाडी उजेड. हीच खोली, हाच पलंग, हीच निळ्या चौकटीची चादर. पलंग रिकामा होता.

मी मान वळवली. काका पलंगावर होते. खिडकीतून लख्ख ऊन त्यांच्या पायांवर पडलं होतं.

पडद्यावर काकी आल्या. अंगावर जांभळी साडी, डाव्या मनगटावर कागदाची पिवळी पट्टी. त्यांनी दिवा लावला नाही. पलंगाच्या कडेला बसल्या, उशीच्या जरा वर हात धरला आणि सावकाश फिरवला. कपाळावरून फिरवतात तसा. मग स्पीकरमधून त्यांचा आवाज आला, अगदी हळू...

"अहो... पाणी देऊ का?"

मी फाइल बंद केली. माझ्या मागे तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. काकींनी सगळं पाहिलं होतं.

"हे कधीचं रे?"

"जुनं असेल काकी."

"जुनं कसं? त्यांना घरी आणल्यापासून हा पलंग रिकामा झालाच नाहीये. अंघोळसुद्धा इथेच घालते मी..." त्यांचा आवाज बारीक होत गेला. "हे कुठे गेले, रूपेश? त्यात हे कुठे गेले?"

त्या वळून काकांजवळ गेल्या, त्यांच्या छातीवर हात ठेवला, मग वाकून तोंडाजवळ कान नेला. त्यांचा चेहरा बदलला.

"ओठ बघ. निळे पडलेत का रे ह्यांचे? ये, बघ ना!"

निळे होते. मी आलो तेव्हा ते मला दिसायला हवे होते, पण माझं लक्ष मशीनकडे होतं.

मग विचार करायला वेळच राहिला नाही. शेजारच्या मनिषाताई धावत आल्या. मी अँब्युलन्स बोलावली. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावेना म्हणून ते तिरकं उभं करून आम्ही काकांना खाली आणलं. नवीन पनवेलच्या एका हॉस्पिटलात त्यांना थेट आत नेलं. दारावरच्या माणसाने काकींच्या मनगटाला नातेवाइकांची पट्टी बांधली. पट्टी पिवळी होती. काकींनी माझ्याकडे पाहिलं, मी नजर खाली घातली.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. छातीत कफ भरला होता, ऑक्सिजन पार खाली गेला होता. "वेळेवर आणलंत," ते म्हणाले. "घरीच ठेवलं असतं तर संध्याकाळ काही काढली नसती त्यांनी."

काकी बाकावर बसल्या आणि पहिल्यांदा रडल्या. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. रिकाम्या पलंगाचा अर्थ लागला होता. काका पलंगावर नव्हते, कारण ते इथे होते, जिवंत. ती फाइल कुठून आली हा प्रश्न होताच, पण तो मी बाजूला सारला. जे काही होतं, त्याने माणूस वाचवला होता.

ऊन उतरल्यावर काकांचे जुने रिपोर्ट आणि कपडे आणायला काकींना घरी जायचं होतं. मनिषाताई हॉस्पिटलात थांबल्या आणि मी काकींना गाडीवर घेऊन निघालो. रस्त्यात त्या एवढंच म्हणाल्या, "ती साडी मी मुद्दाम नेसणार नाही."

घरी पोचलो तेव्हा दिवे गेले होते. मी हॉलमध्ये बसलो. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या कॉम्प्युटरची घरघर आतून येत होती. काकी तोंड धुऊन कपडे बदलायला गेल्या. बाहेर आल्या तेव्हा जांभळी साडी नेसलेल्या होत्या.

"काकी..."

"दुसरी इस्त्रीची नव्हती रे," त्या म्हणाल्या. पण हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. आतल्या खोलीकडे बघत होत्या, कुणी हाक मारल्यावर बघतो तशा. आणि तशाच चालत आत गेल्या.

मी दारापर्यंत गेलो. उंबऱ्याच्या आत पाय टाकवेना. खिडकीत तोच राखाडी उजेड होता. कॅमेऱ्याचा हिरवा ठिपका जळत होता. काकी पलंगाच्या कडेला बसल्या. उशीच्या जरा वर हात धरला... आणि सावकाश फिरवला.

"अहो... पाणी देऊ का?"

दुपारी मी इथेच थांबवलं होतं. यापुढचं मला ठाऊक नव्हतं.

काकी थोडा वेळ थांबल्या. समोरचा बोलत असला की आपण थांबतो, तेवढ्या. मग त्यांनी तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं, एक हात उशीजवळ असा नेला की जणू मान उचलून धरलीय, आणि पेला कलता केला. मी उशीकडे बघत होतो. आता पाणी सांडेल, उशी भिजेल, आणि मी पुढे होऊन म्हणेन, काकी चला, तुम्ही दमलाय.

पाणी सांडलं नाही.

पेला कलत गेला, पार उपडा होईपर्यंत. उशी कोरडी होती. मला पाण्याचा घोट गिळल्याचा आवाज आला. एक... मग आणखी एक.

मी जिन्यात येऊन मनिषाताईंना फोन लावला. दोनदा भलतंच नाव दाबलं गेलं. "झोपलेत रे," त्या म्हणाल्या. "मास्क लावलाय. नर्स आत्ताच बघून गेली, सुधारतायत म्हणाली. का रे, काय झालं?"

काही नाही म्हणालो.

दिवे आल्यावर मी आत गेलो. काकी स्वयंपाकघरात काकांचे कपडे पिशवीत भरत होत्या, अगदी नेहमीसारख्या. मी मशीनपाशी बसलो, इंटरनेट जोडलं, घड्याळ सरळ केलं. मग मघाचं रेकॉर्डिंग शोधलं. काकी खोलीत आल्या, बसल्या, एवढी हालचाल झाली म्हणजे नवी फाइल व्हायलाच हवी होती. झाली नव्हती. दुपारची ती एकच होती. मी तिला पुन्हा हात लावला नाही.

हृतिकला मी जमेल तेवढं सांगितलं. तो म्हणाला, तारखांचा घोळ असेल, जागरणाने तुला भास झाला असेल, बाबा वाचले हे महत्त्वाचं. मला जागरण नव्हतं, पण मी वाद घातला नाही. काका घरी आले, बरे होत गेले, असं त्याच्याकडूनच कळत राहिलं. व्यायाम शिकवणारी एक मुलगी येऊ लागली, काका आधाराने उभे राहू लागले, चार-दोन शब्द बोलू लागले. मला बरं वाटायचं. तरी विचुंब्याकडे गाडी वळवायची माझी छाती होत नव्हती.

शेवटी मागच्या महिन्यात हृतिकनेच पाठवलं. त्याला आता तीन सिस्टिमची भानगड नको होती. सगळं पुसून एकच ठेव म्हणाला. मी सकाळी अकराच्या सुमाराला गेलो.

दार पुढे ओढलेलं होतं, कडी नव्हती. काका हॉलमध्ये एका नव्या खाटेवर बसले होते. दाढी केलेली, चेहऱ्यावर रंग आलेला. मला बघून डावा हात वर केला. आतल्या खोलीचं दार बंद होतं. त्यामागून काकींचा आवाज येत होता, गप्पा मारल्यासारखा. मध्येच त्या हसल्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"हृतिकचा फोन आहे वाटतं," मी काकांना म्हणालो आणि त्यांच्याजवळ बसलो.

काकांनी मान हलवली. नाही. मग टेबलाकडे बोट दाखवलं. काकींचा फोन तिथे चार्जिंगला लावलेला होता.

आत काकी पुन्हा काहीतरी म्हणाल्या, आणि थांबल्या. बराच वेळ थांबल्या.

"काका, तुम्ही इकडे हॉलमध्ये का झोपता?" मी हळूच विचारलं.

त्यांनी माझं मनगट धरलं. डाव्या हाताला चांगलीच ताकद आली होती. तोंड वाकडं करत, एकेक शब्द ओढून काढत ते म्हणाले,

"जागा... नाय. तो हाय... तितं."

"कोण, काका?"

ते दाराकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं. ती भीती होती की आणखी काही, मला सांगता येणार नाही.

"त्याला..." ते म्हणाले, "त्याला नीट... बोलता येतं."