स्ताथिसला लागणारी जागा

ग्रीसमधल्या व्होलोस शहरातल्या आमच्या रेडिओचा सर्व्हर भरला, की प्रक्षेपण बंद पडतं. उन्हाळ्यात ते दोनदा बंद पडलं आणि नगरपालिकेने कळवलं, पुन्हा गप्प झालात तर कायमचेच गप्प बसा. त्यामुळे मी, रोदान्थी, या चार माणसांच्या स्टेशनातली एकुलती एक संगणकवाली, त्या आठवड्यात सगळ्यांची लाडकी झाले होते. एरवी मला कुणी कॉफीसुद्धा विचारत नाही.

भरत होता तो डिस्कचा एकच कप्पा, जिथे ध्वनिमुद्रणं राहतात. मी फालतू तुकडे पुसून जागा करायची आणि दुपारपर्यंत तो पुन्हा काठोकाठ. त्यातल्या फायली एकेक करून मोजल्या, तर कप्पा अर्धा रिकामाच निघायचा. उरलेला अर्धा कोण खातंय, ते दिसत नव्हतं. नवी डिस्क मागवली होती, पण ऑगस्टात सगळा देश समुद्रात डुंबत असतो. कोण पाठवणार?

"दृष्ट लागलीय त्याला," एवान्थिया म्हणाली. सकाळचा कार्यक्रम गेली कित्येक वर्षं तीच करते. आम्ही तिला थिया म्हणतो, म्हणजे मावशी. तिने खरंच बशीत पाणी घेतलं, त्यात तेलाचे थेंब सोडले आणि सर्व्हरसमोर बसून पुटपुटायला लागली. मग तिला अशा जांभया सुटल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

"बघ, एवढ्या जांभया म्हणजे दृष्ट केवढी जड आहे!"

"थिया, तू पहाटे उठतेस म्हणून येतायत जांभया."

"आगाऊपणा पुरे. तू तुझं काम कर."

जाताना ती मशीनवर तीनदा थुंकली. मी फडक्याने पुसून घेतलं.

मग मला स्ताथिसची सवय आठवली. स्ताथिस म्हणजे एवान्थियाचा नवरा. सर्व्हर त्यानेच उभा केला, मलाही त्यानेच शिकवलं. फेब्रुवारीत तो गेला. सर्व्हर ज्या युनिक्स प्रणालीवर चालतो, तिची एक खोड आहे: वापरात असलेली फाइल पुसली, तर तिचं नाव जातं, पण तिला धरून बसलेला प्रोग्राम थांबेपर्यंत जागा काही सुटत नाही. स्ताथिस कच्चं मुद्रण करताना मुद्दाम तसं करायचा. फाइल उघडायची, लगेच नाव पुसायचं. काम संपलं की कचरा आपोआप जातो, म्हणायचा.

मी अशा निनावी फायली शोधल्या. एक सापडली, अवाढव्य. तिला धरून बसलेला प्रोग्राम स्ताथिसच्या नावाने चालू होता. त्याचं खातं मी वसंतातच बंद केलेलं. त्यानंतर मशीन कितीदा तरी बंद करून पुन्हा चालू केलं होतं, म्हणजे तो प्रोग्राम केव्हाच थांबायला हवा होता. आणि त्या फाइलीत आवाज येत होता आमच्या दुसऱ्या, वापरात नसलेल्या स्टुडिओतून. तिथल्या मायक्रोफोनची वायर मीच काढून कपाटात ठेवली आहे.

मी हेडफोन लावला.

एवान्थिया बोलत होती. मासळीवाल्याने शिळी सार्डिन गळ्यात मारली. पांदेलिसने मिशी काढली, आता अगदी माकड दिसतो. पांदेलिस आमचा साहेब. मिशी त्याने आदल्याच दिवशी काढली होती. मग ती थांबली.

आणि स्ताथिस हसला.

"मिशी होती तेव्हा काय वेगळा दिसायचा?" तो म्हणाला. कपात चमचा फिरल्याचा आवाज आला.

मला भीती वाटायला हवी होती. मला रडूच आलं. किती आठवण येत होती मला त्या माणसाची!

प्रोग्राम बंद करायला एक ओळ पुरे. ती लिहिली, पण पाठवायला बोट धजेना. मी दुसऱ्या स्टुडिओत गेले. एवान्थिया त्याच्या फोटोसमोर बसली होती.

"थिया, तू याच्याशी बोलतेस?"

"रोज."

"आणि तो?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "तूही ऐकलंस? मग मला वेड नाही लागलं गं पोरी!"

"सगळी जागा तोच खातोय. त्याला थांबवलं नाही, तर रेडिओ जाईल."

"जेवायलाही त्याला असंच दोघांचं लागायचं." तिने फोटोची काच बाहीने पुसली. "मग माझे कार्यक्रम पूस. सगळे. मी जिवंत आहे, उद्या नवीन बोलेन."

"दुसरी प्रत नाही त्यांची."

"पूस म्हणते ना!"

मी पुसले. कप्पा मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रक्षेपण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. एवान्थियाने नेहमीसारखं हसत तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

मी बटणं पाहिली. मायक्रोफोन बदलला. पांदेलिसने घाईने गाणं लावलं, त्यामुळे प्रक्षेपण वाचलं. मी काचेमागून धावत आत गेले.

"थिया, काय होतंय?"

तिचे ओठ हलले. कुजबुजसुद्धा ऐकू आली नाही. ती घाबरली नव्हती. तिने माझा गाल थोपटला, दुसऱ्या स्टुडिओत गेली आणि दार लावून घेतलं.

मी हेडफोन लावला. ती खळखळून हसत होती, आवाज अगदी स्वच्छ. मध्येच ती काहीतरी सांगायला लागली.

"हळू बोल," स्ताथिस म्हणाला. "पोरगी ऐकतेय."