पडद्यावर बसलेला डाग

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे घडलंय, आणि ज्याच्या बाबतीत घडलं तो टेलर मास्तर अजून धडधाकट आहे. रात्र-बित्र काही नव्हती. रविवारची लख्ख दुपार होती.

मास्तर घरातच शिवायचा. पुढच्या खोलीत मशीन आणि समोर त्याचा लाडका प्रोजेक्शन टीव्ही. कपाटाएवढं धूड नुसतं! मागच्या खोलीत आई. पॅरालिसिसने तिची वाचा गेलेली, फक्त उजवा हात हलायचा. काही हवं असलं की ती चमच्याने खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवायची.

टक... टक... टक...

पण मशीनच्या खडखडाटात ते ऐकू कुठलं येणार? म्हणून मास्तरने खाटेसमोर कॅमेरा लावला आणि चित्र टीव्हीवर घेतलं. खाट, आई आणि वर भिंतीवरचं घड्याळ. आईचा हात हलला की हा उठायचा.

खोटं कशाला बोलू, आईचं तो सगळं करायचा.

मग टीव्हीच्या मेकॅनिकने बजावलं, "मास्तर, एकच चित्र दिवसभर ठेवू नका. आतल्या ट्यूबवर डाग बसतो, तो जन्मात निघत नाही. कॉन्ट्रास्ट कमी करा, आणि अधूनमधून काहीतरी हलतं लावत जा."

मास्तरने हे फारच मनावर घेतलं. रोज साडेतीन ते साडेचार आईचं चित्र बंद, चॅनल चालू.

मोठी बहीण आली की टोमणा मारायची, "काळजी टीव्हीची आहे, की मॅचची?"

"तुझं आपलं काहीतरीच, ताई! तासाभरात काय होतंय?"

त्या रविवारी मॅच रंगली. साडेचारचे पाच कधी झाले, कळलंच नाही. मग त्याने आईचं चित्र लावलं...

हात खाटेखाली लोंबत होता. चमचा जमिनीवर पडला होता.

"झोपेतच गेली गं," त्याने ताईला सांगितलं. "मी सारखा बघत होतो."

पंधरा दिवसांनी त्याने टीव्ही लावला. बातम्या देणाऱ्या बाईच्या चेहऱ्यामागे काहीतरी फिकट दिसत होतं... खाट. घड्याळ.

"बसलाच शेवटी मेला डाग," मास्तर पुटपुटला आणि जवळ गेला.

घड्याळाचे काटेसुद्धा उमटले होते. चार वाजायला दहा मिनिटं.

आणि खाटेवर...

आई उठून बसली होती. हात वर, हातात चमचा. आजारी पडल्यापासून ती एकदाही उठून बसली नव्हती!

मेकॅनिकने मागचं झाकण काढून ट्यूबवर टॉर्च मारला. 

"फिरत्या काट्यांचा डाग बसत नाही हो. हे असं उमटायला हेच चित्र महिनोन्महिने जागचं हललं नसलं पाहिजे."

मास्तरने मनाशी हिशेब केला. चार वाजायला दहा मिनिटं असताना रोज चॅनल चालू असायचं. हे चित्र पडद्यावर कधी आलंच नव्हतं.

त्याने ट्यूब बदलून घेतल्या. तिसऱ्या दिवशी डाग परत आला.

ताई आली तेव्हा तो टीव्हीवर चादर टाकायला धावला. उशीर झाला होता. ताई पडद्यासमोर नुसती उभी राहिली.

"तू बघत होतास ना रे?"

मास्तरने हातातली चादर पडद्यावर ओढली. ताईने चपला घातल्या आणि निघून गेली. त्यानंतर तिने या घरात पाऊल टाकलेलं नाही.

आता टीव्हीचा प्लग काढलेला आहे. वर जाड चादर आहे. खाट कधीच देऊन टाकली.

तरी रोज चार वाजायला दहा मिनिटं कमी असली, की चादरीमागून आवाज येतो...

टक... टक... टक...

मेकॅनिकनेही तो आवाज एकदा ऐकला. टॉर्च तिथेच टाकून पळाला, न्यायलाही आला नाही.

मास्तर मात्र त्या वेळी मशीनवर बसतो. सुईत दोरा नसतो, खाली कापड नसतं. नुसतं मशीन चालवतो, जोरजोरात, साडेचार वाजेपर्यंत.

कारण मशीन थांबलं की ती बोलावतेय हे ऐकू येतं. आणि आता उठून जावं, तर मागच्या खोलीत कुणीच नाही.