क्लचवरचा दुसरा पाय

भर चौकात गाडी बंद पडली आणि मागच्या सगळ्या गाड्या एकदम कोकलायला लागल्या. मी पुन्हा किल्ली फिरवली, क्लच सोडला... गाडीने एक उडी मारली आणि मान टाकली. लायसन्स होतं हो माझ्याकडे! पाच वर्षं कपाटात जपून ठेवलेलं. गाडी मामाची होती आणि शेजारी बसलेला मामा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता.

अगदी पाठीमागची गाडी तेवढी गप्प होती. तिच्यातून एक उंच, सावळा माणूस उतरून माझ्या खिडकीशी आला.

"तुम्ही का नाही हॉर्न वाजवत?" मीच आधी खेकसले. "वाजवा ना! सगळे वाजवतायत."

"हॉर्नने गाडी सुरू होत असती तर वाजवला असता," तो म्हणाला. "पाय सावकाश उचला. गाडी थरथरली की तिथेच थांबा... हं. आता जरा रेस द्या."

गाडी चक्क चालायला लागली. आरशात बघते तर त्याच्या गाडीच्या टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी. मामाने डोळे उघडले. "उद्यापासून त्याच्याकडे जा, ठिणगे," तो म्हणाला, "आणि माझ्या गाडीला हात लावशील तर याद राख."

शिकणं मला भागच होतं. मी फिजिओथेरपिस्ट. टेकडीवरच्या दवाखान्यातली नोकरी जवळजवळ ठरली होती. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचे गुडघे-खांदे हलते करायचे. मोठ्या डॉक्टरबाईंनी एकच अट घातली होती, "येत्या सोमवारी स्वतः गाडी चालवत चढ चढून या. मी खिडकीतून बघेन. नाही जमलं तर दुसऱ्या मुलीला बोलावते." मला ती नोकरी जिवापाड हवी होती.

त्याला सगळे मास्तर म्हणत. वय असेल जेमतेम तीस, पण बोलणं असं की साठीचा वाटावा.

"टाच खाली टेकवा. पाय हवेत कशाला?"

"मी पायांचीच डॉक्टर आहे. मला पाय शिकवू नका."

"म्हणून तर सांगतोय. रोगी तुमचाच आहे."

मी हसू दाबलं.

"क्लच अर्धा सुटला की इंजिनाचा आवाज जड होतो. आला ऐकू?"

"तुम्ही इतकं बोलत असता... कसा येणार?"

"बरं, गप्प बसतो."

आणि तो खरंच गप्प बसला. मला मुळीच आवडलं नाही ते.

तीन-चार दिवसांत गाडी लोण्यासारखी निघायला लागली. सिग्नल असो, वळण असो, एक धक्का नाही. मी तर हवेतच होते. घरी मामाला टोमणे मारून झाले, मैत्रिणींना फोन करून झाले. मास्तर मात्र मी स्वतःचं कौतुक करायला लागले की खिडकीबाहेर बघायचा.

शुक्रवारी पाऊस भुरभुरत होता. सिग्नलला माझा रुमाल खाली पडला. उचलायला वाकले... आणि दिसलं. शिकवायच्या गाडीत मास्तराच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. त्याचा बूट त्याच्या क्लचवर होता. दाबलेला.

"हे काय?"

"काय... काय?"

"पाय! कधीपासून?"

त्याने कान खाजवला. "पहिल्या दिवसापासून. तुम्ही क्लच झटक्यात सोडता. मग मी इकडून धरून ठेवतो आणि... हळूहळू सोडतो."

"म्हणजे मी नुसती स्टिअरिंगला लटकले होते? सोमवारी चढावर काय तुमचा पाय घेऊन जाऊ?"

"गाडी बंद पडली की तुमचा चेहरा पडतो," तो हळूच म्हणाला. "मला बघवत नाही."

"चेहरा माझा आहे. पडू दे की!"

दार आपटून मी भिजत घरी गेले. राग तर आला होताच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. ज्याच्यासमोर एवढी मिरवत होते, त्यालाच ठाऊक होतं की मला काही म्हणजे काही येत नाही.

शनिवारी सकाळी त्याची गाडी फाटकाशी उभी. मला बघून तो ड्रायव्हरच्या जागेवरून उतरला, पलीकडे गेला, बूट काढले आणि सीटवर चक्क मांडी घालून बसला.

"हे काय सोंग?"

"पाय वर आहेत. आता माझ्याकडून काही होणार नाही."

"आणि मी गाडी ठोकली तर?"

"ठोकू. दोघं मिळून ठोकू."

दोन दिवस मी रिकाम्या मैदानावर आणि मग रस्त्यावर गाडी इतकी बंद पाडली की विचारू नका. लोक ओरडले, एक कुत्रं भुंकलं. तो मांडी मोडायला तयार नाही. रविवारी संध्याकाळी पहिल्यांदा इंजिनाचा आवाज जड झालेला मला ऐकू आला.

सोमवारी रस्ता ओला होता. अर्ध्या चढावर पुढे पाण्याचा टँकर थांबला, मलाही थांबावं लागलं. हँडब्रेक ओढला. मागे एक गाडी येऊन अगदी चिकटली. वर दवाखान्याची खिडकी दिसत होती आणि खिडकीत डॉक्टरबाई.

टँकर हलला. मी घाईने हँडब्रेक सोडला आणि गाडी मागे सरकली.

"मास्तर, ब्रेक!"

"नाही दाबणार." त्याने स्वतःचे घोटे घट्ट धरले होते, चेहरा पांढराफटक. "तुम्हाला येतं."

ब्रेक मीच दाबला. पुन्हा हँडब्रेक. टाच खाली. पाय सावकाश, अजून सावकाश... आवाज जड झाला, गाडी थरथरली. मी तिथेच थांबले. हँडब्रेक खाली केला आणि गाडी जागची हलली नाही, ना पुढे ना मागे. मग जरा रेस दिली आणि आम्ही वर गेलो.

"थोडी डावीकडे लावा, रुग्णवाहिकेची जागा आहे ती," डॉक्टरबाई खिडकीतून ओरडल्या. "आणि उद्या साडेआठला कामावर या!"

मला नाचावंसं वाटत होतं. मास्तर खाली बघून बुटांच्या नाड्या बांधत होता.

"चला," तो म्हणाला. "आता तुम्हाला माझी गरज नाही."

"खरं सांगा. इतके दिवस पाय का धरून ठेवलात?"

"पहिल्या दिवशी दया आली. मग..." नाडी पुन्हा सुटली. "तुम्हाला यायला लागलं असतं, तर तुम्ही यायचंच थांबवलं असतं. चुकलंच माझं."

"चुकलंच. मग आता पाय वर का घेतलेत?"

"तुम्हाला ही नोकरी हवी होती ना."

माझा सगळा राग तिथल्या तिथे विरघळला.

"तुमची गरज नाहीच मला," मी म्हणाले.

तो उतरायला दाराची कडी चाचपू लागला.

"गरज नाही... पण तुम्ही हवे आहात. आवडता तुम्ही मला. झालं, बोलले!"

त्याने कडीवरचा हात काढला आणि माझ्याकडे वळला. पुढच्या काचेवरून पाणी ओघळत होतं.

"उद्या किती वाजता सुटाल?"

"सहाला."

"मी पाचलाच आलो तर?"

"तासभर ताटकळत उभं राहावं लागेल."

"राहीन की," तो म्हणाला.