अर्जदाराचं म्हणणं

न्यायालयाच्या तळमजल्यावर, जिन्याच्या अगदी खाली, वकील न लावता स्वतःची केस स्वतःच चालवणाऱ्यांसाठी एक मदत केंद्र होतं. भिंतीलगत खुर्च्या, पाण्याचं पिंप आणि कोपऱ्यात काचेची लहानशी केबिन. केबिनमध्ये संगणकाचा पडदा, माइक आणि एका बाईचा आवाज. हा आवाज एकेक प्रश्न विचारायचा, माणसाने तोंडी उत्तर द्यायचं, आणि शेवटी छापील अर्ज बाहेर यायचा. वाचता न येणाऱ्यांची फसगत होऊ नये म्हणून ते यंत्र प्रत्येक उत्तर पुन्हा बोलून दाखवायचं आणि विचारायचं, "बरोबर आहे का?" सगळे त्याला बोलकी म्हणत.

केंद्र सांभाळणाऱ्या ताईंचा बोलकीवर फार जीव. "ही चहा मागत नाही, रजा मागत नाही आणि समोरच्याचे कपडे बघून आवाज चढवत नाही," असं त्या येईल त्याला सांगायच्या. ताई सरळ डोक्याच्या बाई. प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण असतंच, ते सापडेपर्यंत शोधायचं, हा त्यांचा खाक्या.

एका दुपारी एक शिवणकाम करणारी बाई आली. बोटांची टोकं सुईने खरबरीत झालेली. बोलणं इतकं हळू, की ताईंना टेबलावरून पुढे वाकावं लागलं.

"आमचे हे एक दिवस भर पावसात कामावर गेले, ते परतलेच नाहीत. तेव्हा लेक शाळेत होती, आता तिलाच लेक आहे. न्यायालयाकडून त्यांना मृत ठरवून घ्यायचंय." मग ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत म्हणाली, "एक माणूस थांबलाय माझ्यासाठी. मी बोलते तेव्हा तो ऐकतो."

"आणि तुमचे हे नव्हते ऐकत?"

"मला कुणी काही विचारलं, की तंबाखू मळत माझ्याऐवजी उत्तर तेच द्यायचे. माझं नाव विचारलं तरी. आणि मग दंड धरून घरी न्यायचे."

ताईंनी तिला केबिनमध्ये बसवलं आणि दार उघडंच ठेवून त्या आपल्या कामाला लागल्या. थोड्या वेळाने बोलकीचा आवाज आला, "कृपया एका वेळी एकानेच बोला."

ताईंनी मान वर केली. आत ती एकटीच होती.

"मी तर अजून तोंडच उघडलं नाही," ती म्हणाली.

बाहेरच्या व्हरांड्यातला गलका माइकमध्ये शिरत असेल, असा ताईंनी विचार केला. त्या आत गेल्या, दार लावून घेतलं आणि ओठ मिटून भिंतीशी उभ्या राहिल्या. केबिनमध्ये तंबाखूचा वास येत होता. ओल्या कपड्यांचाही.

"तुमच्या पतीला तुम्ही शेवटचं कधी पाहिलं?" बोलकीने विचारलं.

बाईने उत्तर द्यायला श्वास घेतला.

"तुम्ही म्हणालात, आज सकाळी. बरोबर आहे का?"

बाईचे ओठ नुसतेच विलग राहिले.

"धन्यवाद. तुमचे पती सध्या कुठे राहतात?"

बाईने या वेळी ओठ मिटून घेतले. काचेपलीकडे कुणीतरी पिंपातलं पाणी पीत होतं.

"तुम्ही म्हणालात, घरीच. बरोबर आहे का?"

ताईंनी बटण दाबून यंत्र बंद केलं. बाईने खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता, की बोटं एकेक करून सोडवावी लागली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. त्याने माइक बदलला, सगळं उघडून पुन्हा जोडलं. "ठणठणीत आहे, ताई," तो म्हणाला. इतर लोकांचे अर्जही बिनबोभाट होत होते. यंत्रात कुठेतरी आधीच्या कुणाची उत्तरं अडकून राहिली असतील, अशी ताईंनी मनाची समजूत घातली.

मग त्यांनी त्या बाईला बोलावून घेतलं आणि यंत्राच्या नादी न लागता तिचा अर्ज स्वतः हाताने लिहिला. बाई बोलत गेली, ताई लिहीत गेल्या. हळूहळू बाईचा आवाज मोकळा झाला. "इतकं सलग मी जन्मात बोलले नव्हते," ती म्हणाली आणि हसली. ते हसू ताईंच्या मनात घर करून राहिलं. म्हणूनच सुनावणीच्या दिवशी, एरवी कधी वर न जाणाऱ्या ताई, जिना चढून न्यायकक्षात जाऊन बसल्या.

न्यायाधीश वयस्कर होते, मायाळूही. "बाई, हा अर्ज तुम्हाला चालवायचा आहे ना?" त्यांनी विचारलं.

ती उठली. ताठ उभी राहिली. तोंड उघडलं.

न्यायाधीशांनी ऐकून घेतल्यासारखी मान डोलावली. "असं होय. यजमान घरीच आहेत, तर मग प्रश्नच मिटला." ते कारकुनाकडे वळले. "अर्जदाराने अर्ज मागे घेतला, असं लिहा."

कारकून लिहू लागला.

बाई एक अक्षरही बोलली नव्हती. ताई बाजूलाच होत्या, त्यांना स्पष्ट दिसत होतं. तिच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, गळा वरखाली होत होता. बंद काचेआड माणूस ओरडत असावा, तसा.

आणि केबिनमधला तोच तंबाखूचा वास.

ताई उठल्या. साहेब, त्या काही बोलल्याच नाहीत. एवढंच सांगायचं होतं.

जीभ हलली. आवाज आला नाही.

न्यायाधीशांनी त्यांच्याकडे पाहिलं. शांतपणे शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्येच ते किंचित हसलेसुद्धा.

"फार चांगलं," ते म्हणाले. "तुम्ही स्वतः यांना घरी पोचवायला तयार आहात, मग काळजी नाही."

बाईने वळून ताईंकडे पाहिलं.

ताईंना नको म्हणायचं होतं. पण तोवर त्यांच्या हाताने तिचा दंड धरला होता. घट्ट, कोपराच्या जरा वर. वर्षानुवर्षांच्या सवयीने धरावा, तसा.